पाठ्यपुस्तकातला धडा घडाघडा वाचणारे मूल नव्या मजकुरासमोर अडखळते तेव्हा : निदान आणि वर्गातले उपाय

दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांतच ही तक्रार शिक्षकांच्या बोलण्यात येते. तिसरीत आलेले मूल दुसरीच्या पुस्तकातला धडा कुठेही न थांबता वाचून दाखवते, पण फलकावर चार नवी, सोपी वाक्ये लिहिली की तेच मूल पहिल्या ओळीत गप्प होते. पालक सांगतात की घरी तर ते सगळे वाचते, आणि शिक्षक म्हणतात की सुट्टीत विसरले. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा यातले काहीच खरे नसते. ते मूल विसरलेले नसते, कारण वाचायला ते मुळात शिकलेलेच नसते. ते धडा म्हणायला शिकलेले असते, आणि वर्षभर आपण त्या म्हणण्यालाच वाचन समजून शेरा दिलेला असतो.

माझ्या वर्गातल्या एका मुलीमुळे हे मला स्वच्छ दिसले. ती पावसावरचा धडा वाचत होती आणि बोटही ओळीवरून फिरवत होती. बोट ‘आभाळ’ या शब्दावर होते, तोंडातून मात्र ‘बेडूक’ बाहेर पडला होता. मी पानावरच्या चित्रावर तळहात ठेवला. आवाज थांबला. त्यानंतर तिने अक्षरांकडे पाहिलेच नाही, ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, कारण पुढचा शब्द तिला आजवर पानावर सापडत नव्हता. तो चित्रात, शेजारणीच्या आवाजात किंवा बाईंच्या ओठांवर सापडत होता. वर्ग एका सुरात वाचतो तेव्हा असे मूल पूर्ण झाकले जाते, कारण दोन-तीन मुले पुढे वाचतात आणि बाकीची अर्ध्या क्षणाच्या अंतराने त्यांच्या मागे जातात.

आधी निदान

उपायाला हात घालण्यापूर्वी प्रत्येक मुलाला पाच मिनिटे एकट्याने ऐकणे आवश्यक आहे, आणि तीस मुलांच्या वर्गात हे काम चार-पाच दिवसांत होते. सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे बदललेला धडा. मुलांना चांगला पाठ असलेल्या धड्यातल्या पाच-सहा ओळी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहाव्यात, पण त्यांतले तीन शब्द बदलावेत : ‘आईने भाकरी केली’ असे असेल तेथे ‘आईने भाजी केली’ लिहावे, ‘काळी गाय’ असेल तेथे ‘काळी मांजर’ लिहावे. खरोखर वाचणारे मूल बदलापाशी थबकते, पुष्कळदा हसते, ‘बाई, हे चुकलंय’ असेही म्हणते. पाठांतरावर चालणारे मूल पुस्तकातलाच शब्द म्हणून सहज पुढे निघून जाते. ही चाचणी पुढे खेळ म्हणूनही चालते आणि आमच्या वर्गात मुले स्वतःच एकमेकांसाठी धडे बदलून आणू लागली.

दुसरी तपासणी बाराखडीची, पण क्रमाने नव्हे. ‘क, का, कि, की’ हा सूर ज्याला येतो त्याला ‘कु’ ओळखता येतोच असे नाही. ‘मे’ कोणता असे विचारल्यावर मूल मनातल्या मनात ‘म’पासून मोजत वर जात असेल, तर त्याला बाराखडीची चाल येते, मात्रा येत नाहीत.

वर्ग कोणत्या पायरीवर आहे हे ढोबळ मानाने पाहायचे असेल तर ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या, २००५ पासून चालू असलेल्या ‘असर’ सर्वेक्षणाची पद्धत सोयीची आहे : अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. परंतु या पायऱ्या मूल कोठे उभे आहे एवढेच सांगतात, ते तेथे का थांबले हे सांगत नाहीत. त्यासाठी मुलाने वाचलेला चुकीचा शब्द जसाच्या तसा वहीत उतरवून घ्यावा. ‘चूक’ असा शेरा निरुपयोगी असतो, तर ‘गर्दी’ याचे ‘गदीर’ वाचले ही नोंद पुढचा सगळा आठवडा ठरवून देते.

येथे एक सावधगिरी फार महत्त्वाची आहे. घरी अहिराणी, कोरकू, गोंडी, वारली किंवा मराठीचीच वेगळी बोली बोलणारे मूल ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचते आणि अर्थही बरोबर सांगते, तेव्हा त्याने वाचनात चूक केलेली नाही. त्याने छापील शब्द ओळखला आणि आपल्या तोंडच्या उच्चारात सांगितला. त्याला त्या क्षणी अडवले की ते ‘ण’ शिकत नाही, फक्त मोठ्याने वाचायचे टाळायला शिकते. उच्चाराचे काम गाण्यांतून आणि गोष्टींतून स्वतंत्रपणे करावे.

मात्रांवर अडकणारे मूल

बाराखडी आडवी म्हणून घेण्याऐवजी ती उभी घ्यावी, म्हणजे एकाच दिवशी एकच काना किंवा एकच वेलांटी अनेक अक्षरांना लावून पाहावी : का, मा, ला, सा, पा. असे केल्याने मुलाचे लक्ष अक्षरावरून चिन्हाकडे सरकते. त्यानंतरचा खेळ म्हणजे एक शब्द फलकावर लिहून त्याचे फक्त चिन्ह बदलत जाणे. ‘पार, पीर, पूर, पोर’. ‘खार, खीर, खूर’. ‘दार, दूर, दोर’. ‘माळ, मूळ, मेळ’. हे सगळे खरे शब्द आहेत आणि यांचे बळ तेथेच आहे, कारण खारीचे एका क्षणात खिरीत रूपांतर झालेले पाहिल्यावर मात्रेने अर्थ बदलतो ही गोष्ट मुलाला समजावून सांगावी लागत नाही. अर्थ नसलेल्या अक्षरजोड्या घोकून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

पहिल्या वेलांटीसाठी वेगळा वेळ ठेवावा लागतो. ही वेलांटी लिहिताना अक्षराच्या डावीकडे येते आणि उच्चारताना अक्षराच्या नंतर येते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे बोट नेणारे प्रामाणिक मूल ती मागच्या अक्षराला चिकटवते : ‘कविता’चे ‘किवता’ होते, ‘गणित’चे ‘गिणत’ होते. हे निष्काळजीपणाचे लक्षण नसून लिपीच्या मांडणीचा हा परिणाम आहे. वेलांटीची कमान ज्या अक्षरावर उतरते ते अक्षर आणि वेलांटी मिळून रंगीत खडूने एका घरात बंद करावी आणि त्या घराचा एकच आवाज होतो हे दाखवावे. पंधरा दिवसांत घर काढायची गरज संपते.

अक्षरे आणि मात्रा ओळखूनही शब्द जोडता न येणाऱ्या मुलांचा प्रश्न निराळा आहे. आपण अक्षर शिकवताना ‘क’ असा पूर्ण उच्चार करतो, पण बोलताना ‘कमळ’मधला ‘ळ’ आणि ‘बसते’मधला ‘स’ अपूर्ण राहतो. मूल ‘ब, स, ते’ असे तीन ठोके देते आणि तोंडातला ‘बसते’ दोनच ठोक्यांत संपतो, म्हणून वाचलेले आणि बोललेले यांची गाठ पडत नाही. यावर टाळीचा खेळ चांगला चालतो. पुस्तक मिटून नेहमीचे शब्द बोलायचे आणि जेवढे ठोके ऐकू येतील तेवढ्या टाळ्या वाजवायच्या; मग तोच शब्द फलकावर लिहून जी अक्षरे एका टाळीत बसतात त्यांच्याखाली एकच कमान काढायची. ‘बस-ते’, ‘कर-वत’, ‘स-रक-तो’. कमानींनुसार वाचणारे मूल काही दिवसांत शब्द सलग म्हणू लागते. ‘जग’सारखा शब्द मात्र कमानींनीही सुटत नाही, कारण विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि ‘जगणे’ यातला ‘जग’ सारखेच लिहिले जातात, उच्चार मात्र दोन आहेत. तेथे वाक्यच मदतीला येते, म्हणून असे शब्द सुटे वाचायला देऊ नयेत.

आकारसाम्याचा गोंधळ मी थोडक्यात सांगते, कारण तो लवकर मिटतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्या एकाच दिवशी शेजारी ठेवून शिकवू नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे आणावे आणि मगच तुलना करावी. मोबाइलच्या पडद्यावर आणि अनेक पाट्यांवर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे पुस्तकातल्या पाकळीच्या ‘ल’पेक्षा आणि देठाच्या ‘श’पेक्षा वेगळ्या वळणाची दिसतात, हेही मुलांना एकदा शेजारी लिहून दाखवावे.

जोडाक्षर आणि रफार

‘पुस्तक’चे ‘पुसतक’ वाचणाऱ्या मुलाला जोडाक्षरांची यादी पाठ करायला देणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कमी उपयोगी पडणारा उपाय आहे. मूल जी जोडाक्षरे दिवसभर बोलतेच, तेथून सुरुवात करावी : पुस्तक, दप्तर, रस्ता, चप्पल, खुर्ची, चष्मा, गच्ची. शब्द आधी तोंडी घ्यावा, तो हळू म्हणून घ्यावा, कोणते अक्षर अर्धे ऐकू येते हे मुलांनाच सांगू द्यावे, आणि मग ते अर्धे अक्षर पाय मोडून लिहावे. ऐकू आलेले अर्धेपण नजरेला दिसले की जोडाक्षर कळते. उलट क्रमाने शिकवले की ते नुसते एक नवे अवघड चित्र राहते.

रफाराची अडचण अधिक खोल आहे. ‘गर्दी’ या शब्दात ‘र्’ उच्चारात ‘दी’च्या आधी येतो, पण कागदावर तो ‘दी’च्या वेलांटीवर, म्हणजे शब्दाच्या अगदी उजव्या टोकाला बसतो. म्हणून ‘गदीर’. त्याच कारणाने ‘सूर्य’चे ‘सूयर’ होते. यासाठी आम्ही शब्द उभे करतो. एका मुलाच्या हातात ‘ग’चे कार्ड, दुसऱ्याच्या हातात ‘र’चे आणि तिसऱ्याच्या हातात ‘दी’चे असते. तिघे ओळीत उभे राहून आपापला आवाज देतात. मग ‘र’ आपले कार्ड उलटते. मागच्या बाजूला रफाराची खूण असते. ते कार्ड तो ‘दी’च्या डोक्यावर धरतो, पण स्वतः आपल्या जुन्या जागेवर, दोघांच्या मधेच, उभा राहतो आणि बोलायची पाळी आली की आधी तोच बोलतो. हात एका जागी आणि पाय दुसऱ्या जागी, हे स्वतःच्या शरीराने केलेले मूल पुढच्या वेळी रफार पाहताच ओळीतली ती मधली जागा शोधते. ‘कोर्ट’, ‘दुर्गा’, ‘चर्चा’, ‘वर्ग’ असे शब्द एका तासात सहज होतात.

‘क्र’, ‘ट्र’ आणि ‘ऱ्य’ हे ‘र’चे इतर अवतार त्यानंतर, एकेका आठवड्याच्या अंतराने घ्यावेत. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा, हा फरक चौथीतल्या मुलांना विशेष आवडतो, पण तिसरीच्या जूनमध्ये तो आणण्याची घाई करू नये.

लांब शब्दांपाशी तुटणारे वाचन

मला वाटते की मराठी वाचनाच्या अध्यापनात सर्वांत दुर्लक्षित जागा हीच आहे. मूल ‘झाड’ वाचते, ‘खाली’ वाचते, पण ‘झाडाखालच्या’ या शब्दापाशी थांबते. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, आणि ती चिकटताना मूळ शब्दाचे रूपही बदलते. ‘पाऊस’चे ‘पावसात’ होते, ‘बहीण’ला दुसरी वेलांटी असते पण ‘बहिणीला’ लिहिताना ‘ह’ची वेलांटी पहिली होते, ‘मूल’चे ‘मुलाला’ होते. ज्या मुलाने ‘पाऊस’ हे पूर्ण चित्र म्हणून ओळखायला शिकले आहे त्याला ‘पावसातून’मध्ये तो पाऊस दिसतच नाही.

यासाठी शब्दांची शिडी करावी. फलकावर वरून खाली एकेक पायरी वाढवत लिहावे : घर, घरात, घरातला, घरातल्या, घरातल्यांनी. किंवा डोंगर, डोंगरावर, डोंगरावरून, डोंगरावरच्या. प्रत्येक पायरी मुलांनी वाचायची आणि त्या पायरीचे एक वाक्य तोंडी करायचे. वाक्याची अट सोडू नये, कारण तीच शिडीला घोकंपट्टी होण्यापासून वाचवते. चार-पाच दिवसांनी शिडी उलटी करावी, म्हणजे सर्वांत लांब शब्द आधी लिहावा आणि त्यातला मूळ शब्द मुलांनी बोटाने झाकून शोधावा. ‘बहिणीबरोबर’ या शब्दात बहीण कुठे संपते, हे शोधताना मुले जी चर्चा करतात ती व्याकरणाच्या तासालाही क्वचित ऐकू येते.

याच कारणासाठी वाचनाचा वेग मोजताना सबुरी ठेवावी, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचता यावेत असे लक्ष्य आहे, आणि दिशा म्हणून ते योग्यच आहे. परंतु हिंदीत ‘पेड़ के नीचे वाले’ हे चार शब्द मोजले जातात, तेथे मराठीत ‘झाडाखालच्या’ हा एकच शब्द होतो. घड्याळ लावून मुलाला पळवले तर ते लांब शब्दाचा शेवट गिळायला शिकते, आणि मराठीत कोणी, कुठे, कोणाला हा सगळा अर्थ त्या शेवटातच असतो. आधी शेवट पूर्ण वाचला जाऊ द्यावा, वेग सरावाने येतो.

वाचले, पण कळले का?

मोठ्याने वाचून दाखवणे आणि समजणे यांत अंतर असते, आणि प्रश्नोत्तरांनी ते नेहमी उघडे पडत नाही, कारण प्रश्नातलाच एखादा शब्द पकडून मूल ओळ शोधून काढते. आम्ही सूचनेच्या पट्ट्या वापरतो. दिनदर्शिकेच्या संपलेल्या पानांच्या कोऱ्या बाजू कापून त्यांवर एकेक वाक्य लिहितो : ‘खिडकी उघड.’ ‘तुझे दप्तर दाराजवळ ठेव.’ ‘निळ्या वहीखालचा खडू बाईंना दे.’ मुलाने पट्टी मनात वाचायची, कोणाला दाखवायची नाही, आणि काम करायचे. बाकीच्यांनी कृती पाहून पट्टीवर काय लिहिले असेल ते सांगायचे. ‘वहीखालचा’ ऐवजी ‘वहीवरचा’ खडू आला की कुठे काम करायचे आहे ते लगेच कळते, आणि मुलाला चुकल्याची लाज वाटत नाही, कारण लगेच पट्टी पुन्हा वाचता येते.

रोजच्या जगण्यातला मजकूर यासाठी फार मोलाचा आहे. शालेय पोषण आहारात त्या दिवशी काय शिजते आहे ते सकाळी फलकावर दोन-तीन वाक्यांत लिहावे आणि त्यात रोज एखादा शब्द बदलावा. मटकीची उसळ आहे की वाटाण्याची, हे जाणून घ्यायची मुलांना खरी इच्छा असते. ज्या मुलांची घरची भाषा पुस्तकाच्या भाषेपासून दूर आहे, त्यांनी सांगितलेली वाक्ये त्यांच्याच शब्दांत लिहून त्यांनाच वाचायला द्यावीत. स्वतः बोललेले वाक्य वाचणे अशा मुलांना पहिल्यांदाच शक्य वाटते. हे वाक्य पाठ असते, अशी शंका रास्त आहे, म्हणून दुसऱ्या दिवशी त्याचे शब्द सुटे कापून जुळवायला द्यावेत.

वर्गाची मांडणी

एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असलेल्या शाळेत हे सगळे कसे बसवायचे हा प्रश्न खरा आहे. माझ्याकडे पहिल्या तासातली ४० मिनिटे इयत्तेप्रमाणे नव्हे तर अडचणीप्रमाणे गट होतात. मात्रांचा गट माझ्याजवळ बसतो, शिडीचा गट फलकाच्या दुसऱ्या अर्ध्यावर काम करतो, आणि वाचू लागलेली मुले जोडीने गोष्ट वाचतात. दर दोन आठवड्यांनी गट बदलतात आणि ते बदलतात हे मुलांना माहीत असते. शेवटची दहा मिनिटे मी सगळ्यांना एखादी चांगली गोष्ट वाचून दाखवते आणि त्यावर काहीही विचारत नाही. सामूहिक वाचन पूर्ण बंद करायची गरज नाही. कवितेसाठी ते ठेवावे, गद्यासाठी नको.

सुटलेली अडचण पुन्हा का येते

कारण नवा मजकूर थांबतो. ऑक्टोबरपर्यंत सुधारलेले मूल परीक्षेच्या काळात पुन्हा त्याच धड्यांकडे ढकलले जाते, महिन्याभरात ते धडे पाठ होतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत तर एकही अनोळखी ओळ डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून आठवड्यातून किमान दोनदा कधीही न पाहिलेला अर्धा पानभर मजकूर प्रत्येक मुलाला मिळाला पाहिजे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक आणि प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संग्रहातल्या पातळीनुसार लावलेल्या मराठी गोष्टी इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. एक छापील प्रत काढून ती गटागटांत फिरवली तरी पुरते. मौखिक परीक्षाही पाठ्यपुस्तकाबाहेरच्या मजकुरावर घ्यावी, नाहीतर अडचण झाकण्याचे काम आपलीच परीक्षा करते.

सहा ते आठ आठवडे नेमाने काम करूनही एखाद्या मुलाच्या नोंदीत काहीच हालचाल दिसत नसेल, तर आणखी सराव लादण्याआधी दृष्टी आणि श्रवण तपासून घ्यावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते तेव्हा अशा मुलांची नावे आपण होऊन पुढे करावीत. तेथे काही निघाले नाही, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी तज्ज्ञांकडून व्हावी यासाठी पालकांशी शांतपणे बोलावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, त्यामुळे त्या मुलाला मिळणारी सवलत हा त्याचा हक्क आहे. निदान मात्र आपण वर्गात बसून करू नये.

आणि एप्रिलअखेर, निकालपत्रकासोबत, चुकांची ती वही पुढच्या वर्गाच्या शिक्षकांच्या हातात द्यावी. टक्केवारीपेक्षा त्यातल्या ओळी त्यांना जूनमध्ये जास्त कामाला येतात. त्या मुलीबद्दल मी लिहिले होते : ‘मात्रा पक्क्या. रफार अजून कधीकधी उलटा लावते. लांब शब्द शिडीने वाचते. पावसाच्या धड्यावर तपासू नये, तो तिला पाठ आहे.’